आत कोन हाय?

कुठल्याही दारात आले की ते आधी चौकटीवर तळहात दोनदा आपटायचे. मग हाक मारायचे, "आत कोन हाय?" आणि मान जरा कलती करून गप्प उभे राहायचे. दार सताड उघडं असो, आतली सगळी माणसं डोळ्यांसमोर बसलेली असोत, त्यांचा हा नेम कधी चुकला नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा समोर बसलेला माणूस मीच होतो. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगात घालायचं थिनर बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथल्या टाइम ऑफिसात मी कारकून. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, एवढंच माझं काम. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराची गोष्ट.

"अहो, दिसतोय की मी," मी म्हटलं.

"तू दिसतो. तुझ्या मागं कोन हाय?"

माझ्या मागे फायलींचं कपाट होतं. कपाटामागे आमचा शिपाई उशाला जेवणाचा डबा घेऊन गाढ झोपला होता. दोन वर्षं मी त्या खोलीत बसत होतो, पण ही सोय मला ठाऊक नव्हती.

ते वसाहतीच्या फायर स्टेशनवर होते. वर्षातून दोनदा आमच्याकडे आगीची रंगीत तालीम घ्यायला यायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मूळचे ऐरोली गावातले, आगरी. बोलणं गावचं. मॅनेजर असो की वॉचमन, सगळ्यांना सरसकट 'तू'. मॅनेजरला ते एकदा म्हणाले, "तू बसतो कुठं? आनि पलायची येल आली तं निंगतो कुठून?" मॅनेजरला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, आणि आम्हाला दिवसभर हसायला एक विषय झाला.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या बुडाखाली खुर्ची टिकत नाही. दादा चहा बशीत ओतून उभ्याउभ्याच प्यायचे. चहा संपेपर्यंत त्यांनी दोन खिडक्या उघडून बघितलेल्या असायच्या. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसलो का झोप येते." आमचं गोदाम जिथे होतं तिथे पूर्वी त्यांच्या आत्याचं भाताचं शेत होतं. वसाहतीचे प्लॉट नंबर त्यांना तोंडपाठ होते, पण आमच्या गोदामाला ते शेवटपर्यंत 'आत्याचं शेत' म्हणायचे. "आत्याच्या शेतात थिनरची पिंपं दारात ठेवू नका," असा हुकूम ऐकून नवीन माणूस चक्रावून जायचा.

एकदा मी त्यांना आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला बोलावलं. आम्ही ऐरोलीतच राहायचो, पण आम्ही सेक्टरातले. साताऱ्याहून, रत्नागिरीहून, कुठून कुठून येऊन फ्लॅट घेतलेले लोक. गाव आणि सेक्टर यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता, पण बोलावणी फारशी जात नसत. दादा आले. गुरुजींचा तिसरा अध्याय चालू होता. चौकटीवर धप्, धप्. "आत कोन हाय?"

गुरुजी पोथीतून मान वर न काढता म्हणाले, "सत्यनारायण आहेत. आणि आम्ही."

दादांनी देवाला हात जोडले आणि लगेच कामाला लागले. जिन्याच्या तोंडाशी साठ-सत्तर चपलांचा ढीग होता. "पयला मानूस इथंच परेल," असं पुटपुटत त्यांनी तो ढीग तीन खेपांत खाली नेऊन ठेवला. प्रसाद घेऊन लोक निघाले तेव्हा एकच गोंधळ उडाला. खजिनदारांच्या मिसेस एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात सेक्रेटरींच्या सासूबाईंची चप्पल घालून घरी गेल्या. दादांना पुढच्या वर्षी बोलावू नये असं कमिटीत ठरलं. मी बोलावलंच.

त्यांच्या घरीही माझं जाणं-येणं सुरू झालं. तिथे वहिनींचा नेम वेगळा. आलेला माणूस चहाशिवाय परत जायचा नाही. विजेचा मीटर बघायला आलेला एक माणूस घाईत निसटला, तर वहिनी कप घेऊन त्याच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलंय. दादा दारात उभे राहून हसत होते. "वाचला नाय तो," म्हणाले.

हे लिहिताना मी तिसऱ्यांदा उठून गॅसचा नॉब बघून आलो. बंद आहे. पुढचं सांगतो.

आमच्या टाइम ऑफिसच्या भिंतीवर खाचा पाडलेल्या दोन फळ्या होत्या. कामगार आला की डाव्या फळीतलं आपलं कार्ड काढायचा, घड्याळाच्या मशीनमध्ये घालून वेळ छापून घ्यायचा आणि उजव्या फळीत ठेवायचा. जाताना उलट. म्हणजे उजवीकडे जितकी कार्डं, तितकी माणसं आत. दादांचा या फळीवर फार जीव होता.

"आग लागली का फायली नको, टाइपरायटर नको," त्यांनी मला शिकवलं. "ही कार्डं घ्यायची आनि गेटवर पलायचं. येकेक नाव वाचायचं. ज्याचं कार्ड हातात ऱ्हायलं, तो आत."

पुढच्या तालमीत मी तसं केलं. कार्डं भरली त्रेचाळीस आणि माणसं एकेचाळीस. दादा सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. लोक कामावर परतल्यावर माझ्या खिडकीशी आले. त्या वेळी मात्र त्यांनी चौकटीवर हात आपटला नाही.

"दोन कार्डं खोटं बोलतात," ते हळूच म्हणाले.

ती दोन माणसं कोण, ते मला माहीत होतं. कोणाला मुलाच्या शाळेत जायचं असतं, कोणाला गावाकडची एसटी पकडायची असते. तो तासभर आधी सटकतो आणि सुटी झाली की त्याचं कार्ड त्याचा जोडीदार पंच करतो. आसपासच्या सगळ्या कारखान्यांत हे चालायचं. मी बघायचो आणि बघितलं नाही असं करायचो. चांगुलपणाही होता त्यात, आणि वाईटपणा कोण घेणार हेही होतं.

"कोन कवा जातो ते तुजी कंपनी बगेल. मना त्याच्याशी काय नाय," दादा म्हणाले. "पन आग लागली आनि मी इचारलं, तं मना खरं सांगायचं. कार्डाचं नाय, मानसाचं."

"हो, हो."

ते तसेच उभे राहिले, मान कलती करून. "खरं सांगीन," असं मी नीट म्हटलं तेव्हाच गेले. त्यांचं म्हणणंच असं होतं की लोक विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत.

मग मॅनेजर बदलला. नव्या साहेबांनी आल्या आल्या नोटीस लावली. दुसऱ्याचं कार्ड पंच करताना सापडल्यास दोघांनाही कामावरून काढण्यात येईल आणि टाइम ऑफिसला जबाबदार धरलं जाईल. टाइम ऑफिस म्हणजे मी. माझी दोन्ही पोरं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. पंधरा दिवस सगळे शिस्तीत वागले. मग ये रे माझ्या मागल्या.

तो दिवस मार्चमधला. ऊन मी म्हणत होतं. जेवणाची सुटी संपता संपता गोदामातला शेलार खिडकीशी आला. "भाऊ, आज गॅसचा सिलिंडर येणारे. घरी कोणी नाय. चुकला तर परत पंधरा दिवस बोंब. तासात येतो."

मी मान हलवली. त्याचं कार्ड उजवीकडेच राहिलं. तो मागच्या भिंतीच्या खिंडारातून गेला, जसे सगळे जायचे आणि यायचे.

सव्वा तासाने गोदामातून काळा धूर आला. घंटा झाली. मी एकही फाइल घेतली नाही. उजव्या फळीतली सगळी कार्डं ओंजळीत भरली आणि गेटवर पळालो. एकेक नाव वाचलं. हजर, हजर, हजर. शेवटी हातात एक कार्ड उरलं.

तोवर बंब आला होता. दादा उतरले आणि सरळ माझ्याकडे आले.

"आत कोन हाय?"

"शेलार. त्याचं कार्ड आत आहे."

"कार्ड नाय. मानूस?"

साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. शेलारचा जोडीदार समोर होता, तो आपल्या बुटांकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं मला. दादा, तो सिलिंडरसाठी घरी गेलाय, परत आला की नाही ते मला माहीत नाही. बस, एवढंच. हे बोललो असतो तर शेलार गेला असता, त्याचा जोडीदार गेला असता, मी गेलो असतो. नोकरीवरून, म्हणजे. आणि तासात येतो म्हणाला होता, सव्वा तास झाला होता, खिंडारातून परत आलाही असेल. आजही मी स्वतःला हेच सांगत असतो.

दादा मान कलती करून थांबले होते. आग लागलेली असताना ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"असेल," मी म्हणालो.

त्यांनी पाठीवर हवेची टाकी चढवली, तोंडावर मास्क ओढला आणि आत गेले. बंबावरचा एक जण पाण्याचा पाइप घेऊन दारापर्यंत त्यांच्यामागे गेला. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. पत्र्यावर तळहात दोनदा. दबलेली हाक, "शेलार! आत कोन हाय?" मग शांतता. ते ऐकत असणार. पुन्हा हात, पुन्हा हाक, थोडी लांबून. मग तिसऱ्यांदा, अगदी टोकाकडून. दुसरा कोणी असता तर एक हाक मारून बाहेर आला असता. हा माणूस उत्तर मिळाल्याशिवाय दारातून हलायचा नाही, आणि उत्तर द्यायला आत कोणी नव्हतं.

मग पिंपं फुटली आणि छपराचे पत्रे खाली बसले.

दहा मिनिटांनी शेलार रस्त्याने धावत आला. लांबून धूर बघून धावला होता, शर्टाची बटणं उघडी होती. माझ्याजवळ येऊन थांबला. लोकांचे चेहरे बघितले, माझ्या हातातलं स्वतःचं कार्ड बघितलं.

"सिलिंडर आलाच नाय," तो म्हणाला.

चौकशीत मी लिहून दिलं की कार्ड आत होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनाही जास्त खोदायचं नव्हतं, प्रकरण तिथेच मिटलं. शेलारने महिन्याभरात काम सोडलं आणि गावाला निघून गेला. त्याचा जोडीदार आणि मी एकमेकांशी कधीच त्या विषयावर बोललो नाही. घरी मी पंखा लावायचो, बंद करायचो, उठायचो, बसायचो. बायको म्हणायची, तुम्हाला झालंय तरी काय.

तेराव्याला मी ऐरोली गावात गेलो. वहिनी आतल्या खोलीतून उठून बाहेर आल्या. मला बघून पहिलं वाक्य बोलल्या, "ज्याच्यासाठी ते गेले, तो वाचला ना?"

"हो," मी म्हणालो. हेही खरंच होतं बघा.

"बरं झालं. त्याची पोरंबालं असतील." आणि त्या घरात, त्या दिवशी, त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला लावला. मी तो प्यायलो.

पुढे वर्षभर मी जात राहिलो. काही हवं-नको बघायला, असं मी म्हणायचो. दर वेळी चहा, आणि दर वेळी शेलारची चौकशी. "बरा हाय ना तो? येकदा आन त्याला. मना बगायचाय." मी 'बघतो' म्हणायचो. त्या घरात मला बसवत नव्हतं. खिडकीशी उभं राहून मी बशीत चहा ओतून प्यायला लागलो होतो. वहिनींच्या ते लक्षात आलं. "तू पन त्यांच्यासारखा झाला," त्या एकदा म्हणाल्या आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी, दुपारी, मी पुन्हा गेलो. वहिनी उंबऱ्याच्या आत बसून सुकट निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सिलिंडर, नोटीस, साहेब, दादांना दिलेला शब्द. 'असेल' म्हणालो तेही.

"आत कोणी नव्हतं, वहिनी."

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी दाराच्या चौकटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"त्यांना म्हायत नव्हतं?"

"नाही."

"मंग ते गेले ते बरोबर गेले."

एवढं बोलून त्यांनी सूप जवळ ओढलं आणि पुन्हा निवडायला लागल्या. मी थांबलो. कशासाठी थांबलो होतो कोण जाणे. शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. मग चप्पल घातली आणि निघालो. गल्लीच्या टोकापर्यंत फार हळू चाललो. टोकाला थांबून मागे वळून बघितलं. कप घेऊन कोणी येत नव्हतं.