रेखाच्या आधी माझा नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. व्यसनमुक्ती सेंटरमधल्या मॅडमना नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही रेखाला ओळखत नाही.

भांडुपला एका बंद कारखान्याच्या भिंतीमागे आम्ही टोचायला बसायचो — मी, माझा नवरा विलास, त्याचे दोन दोस्त. सुई एकच. आधी ज्याने गर्द आणली तो, मग बाकीचे पुरुष, शेवटी मी. बायको ना! सेंटरवर नव्या सुया फुकट मिळायच्या. एकदा मी वेगळी काढली, तर विलास सगळ्यांदेखत म्हणाला, "का गं, आम्हाला काय रोग झालाय?" पुन्हा नाही काढली.

मग माझी तपासणी झाली. एचआयव्ही पॉझिटिव्ह. मी गप्प बसले. सांगितलं असतं तर विलासने मलाच हाकललं असतं, आणि गर्द कुठून मिळाली असती? इथपर्यंत तुम्ही मला समजूनही घ्याल. थांबा जरा.

त्यानंतर रेखा आली. आमच्याच चाळीतली, नवं लग्न झालेली. नवीन म्हणून तिचा नंबर माझ्यानंतर. त्या दुपारी माझं झालं आणि तिने हात पुढे केला. "दे ना गं ताई."

माझ्या पर्समध्ये सेंटरची सीलबंद सुई होती. काढायला कितीसा वेळ लागला असता? मी हातातलीच दिली. भीतीने? — नाही. खरं सांगू? बरं वाटलं. आता शेवटची मी नव्हते.

पुढे रेखालाही तेच निघालं. तिने नवऱ्याला धरलं — "बाहेर तोंड मारून आलास!" — तो आईची शपथ घेत राहिला, तरी घराबाहेर काढलं. मला फक्त एवढंच विचारलं, "तेव्हा तू तर बरी होतीस ना गं?"

मी म्हटलं, "हो. माझं नंतर कळलं."

विलास गेला. आम्ही दोघी गर्दमधून सुटलो. आता गोळ्या आणायला बरोबर जातो. ती सगळ्यांना सांगते, ताई होती म्हणून मी जगले.

मध्यंतरी तिचा नवरा भाजी मार्केटात भेटला. वाळलाय. म्हणाला, "वहिनी, तुमचं ऐकते ती. सांगा ना तिला, मी काहीच केलं नव्हतं."

"सांगते," म्हटलं.

त्या संध्याकाळी रेखाने बांगड्याचं कालवण आणून दिलं. मी पोटभर जेवले.