साहिल खळ्यावर राहिला

कोळवणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच कल्पनाचं दोन खोल्यांचं घर. पुढे पडवी, पडवीला फाटक आणि फाटकाची कडी आतून अगदी वरच्या टोकाला. पोरांचे हात पोचू नयेत म्हणून कैलासनं, तिच्या नवऱ्यानं, ती तिथं बसवून दिली होती. पाळणाघराची पाटी कधी लागली नाही. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या एका बाईला रिसॉर्टवर काम लागलं, तेव्हा तिनं "चार दिवस माझं तान्हं ठेवता का?" म्हणून विचारलं. ते तान्हं आता चौथीत आहे आणि ते चार दिवस काही अजून संपलेले नाहीत.

कैलास कोळवण ते पौड जीप चालवायचा. गेल्या फाल्गुनात एका सकाळी पौडच्या स्टँडवर तो गाडीत बसल्या बसल्या गेला. मान स्टीअरिंगवर टेकलेली. मागे पाच पाशिंजर बसले होते, त्यांना वाटलं डुलकी लागली असेल. दहा मिनिटं ते तसेच बसून राहिले. मग एक म्हातारा वैतागून म्हणाला, "अरं, निघायचं का न्हाई?" आणि त्यानं खांदा हलवला.

कल्पना तेव्हा मुलांच्या खिमटीसाठी तांदूळ भाजत होती. निरोप आला तशी तिनं आधी गॅस बंद केला, तांदूळ परातीत काढले आणि मग चपला घातल्या. पुढं तेरा दिवस घरात माणूस मावत नव्हतं. सासू, लीलाबाई, छाती बडवून रडली. सायली, एकुलती मुलगी, मंचरच्या सासरहून आली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. कल्पना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डोळ्यांत टिपूस नाही. बायका आपापसांत म्हणाल्या, "धक्का बसलाय. चार दिवसांनी फुटंल बांध." चार दिवसांनी फुटला नाही, महिन्यानं फुटला नाही. सायली रोज सकाळी फोन करून विचारायची, "आई, रडलीस का?" आणि कल्पना एखाद्या औषधाच्या गोळीबद्दल सांगावं तसं सांगायची, "न्हाई गं, अजून न्हाई."

चौदाव्या दिवशी सकाळी फाटकाशी शुभांगी उभी. नवरा सोडून गेलेली, रिसॉर्टच्या धोबीखान्यात चादरी धुणारी. कडेवर दोन वर्षांचा साहिल. "वहिनी, कसं बोलू कळंना. पन माझ्या सगळ्या रजा संपल्या." कल्पनानं हात पुढं केले. साहिल सवयीनं झेपावला, आणि पाळणाघर पुन्हा चालू झालं.

पाच पोरं होती. साडेचार वर्षांची गौतमी सगळ्यांत मोठी. तिची आई मेधा शहरातून येऊन फार्महाऊसवर राहायला लागलेली, दिवसभर लॅपटॉपवर कंपनीचं काम करायची. शाळेतल्या बाईंच्या दोन मुली. वरच्या कातकरवाडीतल्या भिमाबाईचा नातू देवू. आणि साहिल. आठ वाजता पोरं येत. दूध, शी-शू, नाकं पुसणं, ठोकळ्यांवरनं मारामाऱ्या. दहा वाजता फिरायला. बारा वाजता वरण-भात, मग पडवीत ओळीनं गोधड्या. कल्पनाचे हात सगळं करत. नऊ वर्षांची सवय त्या हातांना होती. ती स्वतः मात्र कुठंतरी मागं राहिल्यासारखी झाली होती. भाजीत मीठ राहिलं तर सासू बोलली की कळायचं. एकदा गरम पातेलं तिनं फडक्याशिवाय उचललं. बोटांवर फोड आले, ते संध्याकाळी भांडी घासताना दिसले.

जीप कोळवणच्याच एकानं विकत घेतली. रोज दहाच्या सुमाराला ती रस्त्यानं जायची, तोच हॉर्न वाजवत. पोरं फाटकाच्या फळ्यांना लोंबकळून ओरडायची, "काकांची गाडी! काकांची गाडी!"

"व्हय, काकांची गाडी," कल्पना म्हणायची आणि जो समोर असेल त्याची टोपी सारखी करायची.

फिरायला जाताना तिच्याकडे एक जाड सुती दोरी असे. तिला पाच गाठी. एकेका पोरानं एकेक गाठ धरायची आणि सोडायची नाही, हा नियम. पुढचं टोक कल्पनाच्या हातात. ओढ्यावर जायचं, देवळामागच्या चिंचेखाली चिंचोके गोळा करायचे, हैबतरावांच्या गोठ्यात नवं वासरू बघायचं. रस्त्यानं जाताना दर थोड्या अंतरावर ती मागं वळून मोजायची: एक, दोन, तीन, चार, पाच. आठ महिने ती तसंच मोजत आली होती. तोंडानं आकडे म्हणायची आणि डोळे पोरांवरून फिरवायची. त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता, हे तिला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. हैबतरावांच्या खळ्यावर भात झोडायचं चाललं होतं. गौतमीनं कधी झोडणी पाहिली नव्हती, म्हणून कल्पनानं पोरांना तिकडं नेलं. बायामाणसं फळीवर पेंढ्या आपटत होती, इंद्रायणी भाताचा वास हवेत भरून राहिला होता. पोरांनी पेंढ्याच्या ढिगावर यथेच्छ लोळून घेतलं. झोडणाऱ्यांत भिमाबाईही होती. देवू तिच्याकडं पळाला, तिनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि परत पिटाळला. तासाभरानं कल्पनानं हाक मारली, "चला, दोरी धरा." पोरांनी दोरी धरली. ती निघाली. वाटेत दोनदा मागं वळून तिनं एक ते पाच म्हटलं.

घरी येऊन हातपाय धुतले. तिनं पाच ताटल्या मांडल्या, वरण-भात वाढला, वर तूप घातलं. एक ताटली तशीच राहिली. कल्पना तिच्याकडं बघत राहिली. आज एक जास्त वाढली, असं तिच्या मनात आलं. तिनं ती उचलून आत नेली, वर झाकण ठेवलं आणि बाहेर येऊन देवूला भरवायला लागली.

"काकू, साहिल कुठे आहे?" गौतमीनं विचारलं.

"झोपलाय," कल्पना म्हणाली.

"कुठे झोपलाय?"

कल्पनानं पडवीत बघितलं. गोधड्या अजून अंथरायच्याच होत्या. ती आत गेली, बाहेर आली, मोरीत डोकावली. फळीवर झाकलेली ताटली होती. ती बघितली तेव्हा तिला कळलं.

एवढं कळल्यावर बाईच्या पायाखालची जमीन सरकायला हवी. कल्पनाच्या छातीत काहीही झालं नाही. तिनं सासूला सांगितलं, "आत्या, पोरांकडं बघा. साहिल खळ्यावर राह्यलाय, मी आनते." लीलाबाई घाबरून उठली, "अगं बाई, पळ की मग!" कल्पनानं चपला घातल्या, कडी काढली, लावली आणि चालायला लागली. पळावं असं तिला समजत होतं. पाय पळत नव्हते.

अर्ध्या वाटेवर भिमाबाई समोरून येताना दिसली. कडेवर साहिल, केसांत पेंढा, डोळे झोपेनं सुजलेले. भिमाबाईला दम लागला होता.

"बाय, पोर पेंढ्यात निजलं व्हतं. वरनं कुनी पेंढा टाकला, दिसंना झालं. ट्रॅक्टर मागं येत व्हता पेंढा भराया. माझी नजर ह्याच्या पायावर गेली. वरडले, तवा थांबला त्यो." तिनं हातानं अंतर दाखवलं. वीतभर, त्याहून थोडं जास्त.

कल्पनानं साहिलला घेतलं. तो तिच्या खांद्यावर मान टाकून पुन्हा झोपला.

भिमाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "डायवर भायेरचा हाय, त्याला काय ठावं कुनाचं पोर. हैबतराव नव्हता तितं. मी काय कुनाला बोलत न्हाई."

"बरं," कल्पना म्हणाली.

दुपारभर पोरं झोपली. कल्पना साहिलजवळ बसून होती. त्याच्या पोटाचा भाता खालीवर होत होता. त्या ट्रॅक्टरचं चाक तिनं मुद्दाम डोळ्यांपुढं आणून बघितलं, नीट, जवळून. काही झालं नाही. आपल्याला भीती वाटत नाही, आणि भीती न वाटणाऱ्या बाईकडं पाच पोरं आहेत. हा हिशेब मात्र तिला लख्ख समजला. रडू येत नाही हे तिचं तिच्यापुरतं होतं. हे तसं नव्हतं.

संध्याकाळी शुभांगी आली. कल्पनानं तिला पडवीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. काही लपवलं नाही. ताटलीचंही सांगितलं, आणि पळत गेले नाही हेही.

शुभांगी आधी हसली, थट्टाच असावी तशी. मग तिनं साहिलला ओढून घेतलं, त्याचे हातपाय चाचपले. "इसरलीस? माझ्या पोराला इसरलीस तू? वहिनी, मी तितं कुनाच्या चादरी धुती आनि तू हितं..." ती साहिलला उराशी धरून हमसून हमसून रडली. लीलाबाई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. कल्पना समोर मांडी घालून बसली होती. शुभांगीनं आपल्याला मारलं तर बरं होईल, असं तिला वाटलं. शुभांगीनं मारलं नाही. फाटक उघडं टाकून ती निघून गेली.

मग कल्पनानं मेधाला फोन केला, शाळेतल्या बाईंच्या घरी चालत गेली. बाई म्हणाल्या, "माझ्या मुली आता शाळेत माझ्याबरोबर बसतील काही दिवस." मेधानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही स्वतःहून सांगितलंत, कल्पनाताई. दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं. पण गौतमीला मी उद्यापासून नाही पाठवू शकत." रात्री तिचा मेसेज आला, त्यात एक नंबर होता. 'या डॉक्टर आहेत. फोनवर बोलतात. माझे बाबा गेले तेव्हा मी बोलत होते. प्लीज फोन करा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त देवू आला. कल्पना त्याला दूध देत होती तेवढ्यात फाटक वाजलं. शुभांगी. डोळे लाल, कडेवर साहिल. ती कल्पनाकडं बघेना. "दुसरीकडं कुटं ठिवू? सांग तूच," ती फाटकाकडं बघत म्हणाली. साहिलला खाली ठेवून ती एसटी गाठायला गेली. त्या दिवशी तिचे धोबीखान्यातून सहा फोन आले. प्रत्येक वेळी कल्पना फोन साहिलच्या तोंडाशी धरायची आणि तो म्हणायचा, "आई, मी हितं हाय."

त्याच आठवड्यात कल्पना कातकरवाडीवर गेली. भिमाबाई अंगणात कुडाची भिंत सारवत होती.

"माझं मन ठिकानावर नसतं हल्ली," कल्पनानं उभ्याउभ्याच सांगितलं. "भाताचं काम उरकलं की तू माझ्याकडं येशील का? पोरांना भायेर न्यायचं तर दुसरं मानूस पायजे. मी मोजते, पन मला दिसत न्हाईत ती."

भिमाबाईनं शेणाचे हात गवताला पुसले. "मोजतीस कशाला? कोंबड्या हायेत व्हय? नाव घ्यायचं. त्यानं ओ दिली तर हाय, न्हाई दिली तर थांबायचं."

ती यायला लागली. दोघी दोन बाजूंना, मध्ये देवू आणि साहिल. पुढं पौषात ग्रामपंचायतीतल्या क्लार्कची मुलगी आली. गौतमी परत आली नाही. एकदा गाडीच्या काचेतून तिनं हात केला. कल्पनानंही केला.

मेधानं दिलेल्या नंबरावर कल्पनानं एका दुपारी पोरं झोपल्यावर फोन लावला. डॉक्टरबाईंचा आवाज शांत होता. त्यांनी कैलासबद्दल विचारलं आणि कल्पना त्यांना पाऊण तास पोरांबद्दल सांगत राहिली: कोण अंगठा चोखतं, कोण भाताला नाक मुरडतं. बाईंनी मध्ये अडवलं नाही. म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी पुन्हा बोलू. पौडला सरकारी दवाखान्यात पण एकदा दाखवून घ्या." तिनं दाखवलं. गोळ्या दिल्या, त्या ती घेते. झोप लागते आता. बाकी विशेष काही नाही.

माघातल्या एका शनिवारी शुभांगी साहिलला न्यायला आली आणि फाटकाशी घुटमळली. रविवारी रिसॉर्टवर मोठं लग्न होतं, सगळ्यांना कामावर बोलावलं होतं.

"रईवारचं ठिवशील का त्याला?"

"ठिव की," कल्पना म्हणाली.

शुभांगीनं दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. जाताना कडी मात्र तिनं फाटकावरून हात घालून स्वतः लावली, आणि नीट बसली का ते ओढून बघितलं.

रविवारी तिघंच होती. पडवीत ऊन आलं होतं. लीलाबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती आणि सोलता सोलता, नेहमीसारखी, रडत होती. आवाज न करता, नुसतं नाक ओढत. साहिल शेजारी बसून दाणे वाटीत टाकत होता. त्याचं लक्ष वर गेलं.

"काकू, आजी का ललते?"

"तिला काका आठवतात."

साहिलनं थोडा विचार केला. "तुला?"

"मला अजून न्हाई," कल्पना म्हणाली.

त्याला ते पटलं. त्यानं पुढची शेंग उचलली, ती उघडेना, तशी ती कल्पनाच्या हातात दिली. तिनं ती त्याला फोडून दिली.