भिवाचा दोर

लवू तांबे एसटीत ड्रायव्हर होता. मालवण-मसुरे रस्त्यावर त्याची तीस वर्षं गेली. ज्या तात्याने त्याच्या बापाचा हात मोडला, तो म्हातारा रोज त्याच्याच गाडीने बाजाराला जायचा आणि चढताना 'लवू, सावकाश ने हां' म्हणायचा. लवू सावकाश न्यायचा.

बापाचं नाव भिवा. लवू सात वर्षांचा असताना, म्हणजे सत्तावन्न साली, भिवा गावच्या देवळामागच्या विहिरीवर एकटा गेला आणि त्याने कळशी भरली. अस्पृश्यता पाळणं तेव्हा कायद्याने गुन्हा झालं होतं. कायदा गावात पोचला नव्हता. तात्याने आणि आणखी दोघांनी त्याला तिथेच काठ्यांनी मारलं. उजवं मनगट वाकडं बसलं ते कायमचं. पुढे मरेपर्यंत भिवा डाव्या हाताने जेवला.

गेल्या वर्षी मुंबईहून सारिका नावाची लेखिका आली. टीव्हीवर एक मालिका व्हायची होती. त्यातली आजच्या काळातली मुलगी मागच्या काळात जाते आणि माणसांनी हक्कासाठी दिलेले लढे डोळ्यांनी बघते. सारिका दोन दिवस लवूच्या ओटीवर बसली. बाप कुठे उभा होता, दोर कसा धरला होता, सगळं त्याने दाखवलं. ती रडली. चित्रीकरण त्याच विहिरीवर ठरलं, आणि सल्लागार म्हणून लवूला बोलावणं आलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

तिथे तालीम चालली होती. भिवा झालेला मुंबईचा नट विहिरीपाशी थरथरत उभा होता. जीन्समधल्या नायिकेने त्याच्या हातात दोर दिला आणि म्हणाली, घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे.

लवू सारिकाकडे गेला. "बाई, माझा बाप थरथरत नव्हता. त्याला दोर कुणी दिला नाही. त्याने घेतला."

सारिकाने कागदावरून मान वर केली नाही. नायिकेने काहीतरी केलंच पाहिजे, असं वाहिनीचं म्हणणं होतं.

चार दिवस नट पाणी काढत राहिला, नायिकाही काढत राहिली. पाचव्या दिवशी नटाला उन्हाने ताप भरला. माराचा प्रसंग उरला होता, तोही लांबून आणि पाठमोरा. लवूची अंगकाठी बापासारखीच, म्हणून दिग्दर्शकाने त्याला विचारलं. सून तेजस्वी नको म्हणाली. लवू हो म्हणाला. निदान उभा तरी बापासारखा राहीन, असं त्याला वाटलं.

मारणारे गावातलेच घेतले होते. पुढे होता तात्याचा नातू धनेश. काठ्या फोमच्या होत्या. लवूने दोर धरला, कळशी वर ओढली आणि ताठ उभा राहिला. फोमच्या काठ्या पाठीवर पडल्या. दिग्दर्शक ओरडला, काका, वाका. लवू वाकला नाही. सहा वेळा तेच झालं. मग दिग्दर्शकाने धनेशला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. सातव्या वेळी धनेशच्या हातात बांबू होता. त्याचा फटका गुडघ्यामागे बसला आणि लवू दगडावर कोसळला. छान झालं, असं कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

धनेश जवळ आला. "काका, हात सुटलो माझो. लागला काय?"

"तुझ्या आज्याचो हात पण असोच सुटललो," लवू म्हणाला.

गुडघ्याची वाटी फुटली होती. मालवणात पायाला प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी तेजस्वीने येऊन सांगितलं की विहिरीचं पाणी उपसून काढलंय, गोमूत्र शिंपडून विहीर शुद्ध केलीय. शूटिंगवाल्यांच्या चपलांमुळे, असं तिला सांगण्यात आलं. पण ती माणसं चार दिवस चपला घालूनच वावरत होती. तेव्हा कुणी काही शिंपडलं नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर लवू काठी टेकत ठाण्यात गेला. बापाने जी तक्रार दिली नाही, ती त्याने दिली, माराची आणि विहिरीची. मार म्हणजे अभिनय होता, असं गावाने सांगितलं. विहीर दरवर्षीच धुतात, असंही सांगितलं. मालिकेच्या कंपनीने चित्रफीत दिली नाही. सारिकाला साक्षीसाठी फोन केला, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, लवूकाका, माझं पुढचं काम त्यांच्याकडेच आहे.

भाग लागला तेव्हा गावाने देवळाच्या सभामंडपात मोठा पडदा लावून बघितला. नायिकेने दोर दिला, भिवा पडला, नायिकेने त्याला उठवलं आणि स्वतः कळशी भरली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. धनेशचं कौतुक झालं. कित्येकांनी लवूला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाशीचा नाव झाला.

पुढच्या महिन्यात तक्रार पुराव्याअभावी बंद झाल्याचा कागद आला. लवूने तो दोनदा वाचला आणि तेजस्वीला कोर्टात जायचं तर वकील कोण, ते विचारून यायला सांगितलं. ती गेली. कणकवलीच्या दोघा वकिलांनी मालिका बघितली होती. दोघेही म्हणाले, इतकं चांगलं दाखवलंय तुमच्याबद्दल, आता कशाला?

तिसऱ्या वकिलाने पुढच्या सोमवारची वेळ दिली आहे.