बऱ्हाटे काकांची सही

"बेटा, तापीले भरती कधी येते?"

बऱ्हाटे काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बुऱ्हाणपूरच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी टेंडरची कागदपत्रं तयार करायला नवीन लागले होते. गटारलाइनचं टेंडर होतं आणि त्याला मजुरांच्या आरोग्याचा आणि सुरक्षेचा आराखडा जोडायचा होता. सगळे त्याला सेफ्टी प्लॅन म्हणत. मी तो एका दिवसात उरकला होता, चाळीस पानं, वर रंगीत मुखपृष्ठ. काकांनी त्यातलं एक पान माझ्यापुढे सरकवलं. 'भरतीच्या वेळी मजुरांना किनाऱ्यापासून दूर हलवावे.' कुठल्या तरी समुद्राकाठच्या कामाचा प्लॅन मी जसाच्या तसा उतरवला होता! मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र हसले नाहीत. छत्री उचलून म्हणाले, "चल, जागा पाहून येऊ."

काका नेपानगरचे. तिथल्या कागद कारखान्यात बांधकामाच्या खात्यात नोकरी करून रिटायर झालेले. आईवडील जळगावकडचे, त्यामुळे बोलणं अर्धं खानदेशी, अर्धं हिंदी. आमच्या टेंडरमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून त्यांचं नाव असायचं आणि त्यांच्या सहीशिवाय ते भरताच येत नसे. रोज गाडीने यायचे. चांदनी स्टेशन येईपर्यंत पेपर वाचून संपवायचे आणि ऑफिसात बसून तोच पुन्हा वाचायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "गाडीत घाईत वाचला ना."

जसोंडीच्या रस्त्याला मातीची पारख करायला डोक्याहून खोल खड्डा खणून ठेवला होता. काकांनी शिडी लावली. "उतर."

"मी?"

"मंग कोण? प्लॅन तू लिवला ना?"

नवा कोरा ड्रेस सावरत, मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत मी उतरले. खाली दोन्ही बाजूंनी काळी माती अगदी अंगाशी आली. वर रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला आणि एक ढेकूळ सुटून माझ्या खांद्यावर आपटलं. वरून काकांचा आवाज आला, "समजलं? आता वर ये अन् लिव. वरून पाहिलेला खड्डा न पाहिल्यासारखा."

येताना रसवंतीवर थांबलो. काकांनी पेला नुसता हातात धरून ठेवला होता. "मी पण वरूनच पाहिला होता," ते म्हणाले. "जवान होतो. कागदावर लिवून दिलं, माती पक्की आहे. खाली दगडू होता, आमचा मजूर. आम्ही हातानं माती उकरली बेटा, हातानं. त्याचा डबा झाडाखाली तसाच बांधलेला." रस तसाच सोडून आम्ही उठलो.

नवा प्लॅन आठच पानांचा झाला. खोदकाम छातीहून खोल गेलं की दोन्ही भिंतींना फळ्या आणि मधून आडवे टेकू. फळ्या काढल्या तर आत एकही माणूस नको. आमचे ठेकेदार शेठ वैतागले. "अरे काका, टेंडर में ये सब कौन पढ़ता है? फळ्या ठोकत बसलो तर मुदत निघून जाईल!"

"मंग सही पण तुम्हीच करा," काका शांतपणे म्हणाले. टेंडर त्याच कागदावर भरलं आणि आम्हालाच मिळालं.

काम सुरू झालं आणि काकांच्या छातीचं दुखणं बळावलं. ते घरीच पडून राहिले, साइट माझ्या गळ्यात आली. एका दुपारी जाऊन पाहते तर पाइप उतरवायला अडचण होते म्हणून सुकलाल मुकादमाने फळ्या काढलेल्या आणि अकरा माणसं आत!

"बाहेर या! सगळे बाहेर या!" मी किंचाळलेच.

"मॅडम, आधे घंटे का काम है," सुकलाल म्हणाला. "भिंत तर पाहा, पत्थर आहे पत्थर." तेवढ्यात शेठांचा फोन आला, काम थांबवू नको म्हणून. मी फोन बंद केला. तिथून हलले नाही. शेवटचा माणूस शिडीवरून वर आला, तेव्हा कुठे मी मटकन खाली बसले.

आणि ती भिंत पडलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सुकलाल येता-जाता विचारायचा, "मॅडम, दीवार गिरी क्या?" शेठ माझ्याशी बोलेनासे झाले. रविवारी मी नेपानगरला गेले आणि काकांच्या खाटेशी बसून चक्क रडले. माझं उगाच हसं झालं, मी म्हणाले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काहून रडून राहिली? तुले काय ती पडायला पाहिजे होती?"

मी रडता रडता हसले. फार माया होती त्या माणसात. मला वडील नाहीत. त्या दिवशी ते जाणवलं नाही.

दहा दिवसांनी काका गेले. तेराव्याला माणसं पांगल्यावर काकूंनी मला जवळ बसवलं. "पोरी, एक विचारू? लोकांचे नवरे सांगतात, हा पूल मी बांधला, ती शाळा मी बांधली. यांनी जन्मभर काय केलं गं? मले कोणी विचारलं तर काय सांगू?"

माझ्या फोनमध्ये साइटवरच्या सकाळच्या हजेरीचा फोटो होता, तो काढला आणि त्यातली त्या दुपारच्या अकराजणांची नावं एकेक करून त्यांना वाचून दाखवली. काकूंनी पदराने डोळे पुसले.

"हे कोण गं?"

"काकू, हे सगळे आज कामावर आलेत."