कॉलेजात लॅब असते की

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगायचं राहिलं, आणि आता ती नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणूनच कदाचित.

तसं ऐकायला काहीच नाही. एका मुलीला लॅपटॉप लागतो की नाही — एवढाच प्रश्न. तो मारतहळ्ळीच्या आमच्या घरी आला, कारण सगळ्या गोतावळ्यात कॉम्प्युटरवर पोट भरणारी मी एकटी. आमच्याकडे पत्रिका गुरुजींना दाखवतात आणि मोबाइलपासून प्रिंटरपर्यंत बाकी सगळं मला. माझा शब्द शेवटचा. मला ते आवडायचंही — खोटं कशाला बोलू?

माझी नणंद बनशंकरीला असते, तिचे यजमान, म्हणजे माझे नंदावे, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात. त्यांची मुक्ता लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायची. मी प्रोग्रॅम लिहीत असले की माझ्या खुर्चीला खेटून उभी राहायची आणि विचारायची, मामी, ही ओळ खोडली तर काय होईल? माझ्या ओंकारने असं कधी विचारलं नाही. बारावीनंतर दोघं एकाच वर्षी इंजिनिअरिंगला गेली. मुक्ताला कॉम्प्युटर सायन्स मिळालं. ओंकारला — सिव्हिल.

ते पेढे घेऊन आले. पेढा मी तसाच बशीत ठेवला. हसत मात्र होते मी. नंदावे त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "वहिनी, लॅपटॉप लागतोच का हो? स्वल्प विचार करून सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू, सरी?" मुक्ता माझ्याकडे बघत होती. उत्तर तिला ठाऊक होतं, फक्त ते माझ्या तोंडून यायला हवं होतं.

"काही गरज नाही," मी म्हणाले. "कॉलेजात लॅब असते की. हातात लॅपटॉप आला की मुलं सिनेमेच बघत बसतात."

मला माहीत नव्हतं का? हे काम घरी बसून, चुका करकरूनच येतं, असं ऑफिसात नव्या पोरांना मीच ऐकवते. ओठात एक आणि पोटात एक. जळत होते मी — एका मुलीवर, जी माझ्याकडे बघूनच या वाटेला आली होती. आणि त्याच आठवड्यात मी ओंकारला लॅपटॉप घेतला. सिव्हिलवाल्याला!

गणपतीला सगळे आमच्याकडे असतात. मी लॅपटॉप कपाटात साड्यांखाली कोंबला. माझे हात उकडीत, आणि नणंदेने मुक्ताला त्याच कपाटातून चौरंगावरचं वस्त्र आणायला पाठवलं. मी धावले तोवर ती वस्त्र घेऊन बाहेर आली होती. चेहऱ्यावर काही नाही. आरतीनंतर मी कपाट उघडलं. घाईत लोंबत राहिलेली चार्जरची वायर कुणीतरी नीट गुंडाळून आत सरकवली होती. वर साडीची घडीही सारखी केली होती. तिच्या आईला दिसू नये म्हणून.

तेव्हा तरी बोलायचं होतं. तो लॅपटॉप उचलून रिक्षाने बनशंकरीला नेता आला नसता का? पण आता दिला तर आधी का नाही म्हणाले तेही सांगावं लागेल — इथेच जीभ अडायची. दर वेळी. मुक्ता लॅबमध्ये मिळेल तेवढ्या वेळात शिकत राहिली, नाहीतर मैत्रिणीचा लॅपटॉप रिकामा व्हायची वाट बघत. प्रोग्रॅमिंगमध्ये नापास झाली, पुन्हा झाली, रखडत पदवी पदरात पडली. आता ती एका शोरूमच्या काउंटरवर उभी असते.

नणंद अजून म्हणते, "हिच्या डोक्यात ते शिरलंच नाही गं. बरं झालं तुझं ऐकलं, लॅपटॉप नुसता पडून राहिला असता."

हे म्हणते तेव्हा मुक्ता तिथेच असते. यंदाच्या गणपतीतही होती. निघताना ती वाकून मला नमस्कार करते, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवते.