तापीकाकूंची रिकामी पंगत

तापीकाकू कुणाच्याही घरी गेल्या की बैठकीत थांबत नसत. चपला दारात, पदर कमरेला आणि पाय सरळ स्वयंपाकघराकडे. तिथे मांडणीवरचं एखादं पातेलं उचलायचं, उलटं करून त्याचं बूड बघायचं, बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि मग घरच्या बाईला विचारायचं, "कल्हई कधीची वं ही?" पाहुणी म्हणून आलेली बाई अशी सासूसारखी वागायला लागली की कुणालाही राग यावा. पण तापीकाठच्या आमच्या शहरात, शनवारा पेठेतल्या आमच्या गल्लीत काकूंवर फार दिवस रागावून राहणं परवडत नसे. लग्नसराई आली की त्यांच्यावाचून कुणाचं पान हलायचं नाही.

त्या काळी आमच्याकडे लग्नात भांडीच द्यायची रीत होती, आणि भांड्यावर देणाऱ्याचं नाव घातलेलं असायचं, चांगलं ठसठशीत. शोभूनही दिसेल आणि परवडेलही असं भांडं म्हणजे तांब्या, म्हणून जो तो तांब्या आणायचा. गल्लीतल्या एका मुलीच्या रुखवतात म्हणे ओळीनं तांबेच तांबे मांडले होते, आणि सासरी गेल्यावर डाव नाही म्हणून बिचारी वाटीनं आमटी वाढत बसली. हे कानावर आलं तेव्हापासून काकूंनी लग्नं हातात घेतली. कुणी काय द्यायचं ते काकू सांगणार. त्या घरोघर फिरायच्या आणि उभ्याउभ्याच हुकूम सोडायच्या: तुम्ही परात, तुम्ही झारा, तुम्ही वाट्या. ज्याच्या वाट्याला झारा येई तो फुगून बसे. काकू त्याच्या घरी दुसऱ्यांदा जात, पुन्हा उभ्याउभ्याच.

बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तापीपलीकडच्या एका खेड्यातल्या केळीबागाईतदारांची ही मुलगी, लग्न होऊन शहरात आली होती, पण त्यांची बोली आणि चाल दोन्ही मळ्यातलीच राहिली. यजमान पोस्टात कारकून, अतिशय सावकाश माणूस. ते एक घास चावायचे तोवर काकू मागच्या दारी जाऊन यायच्या. काकूंना स्वतःला पाटावर बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा हातात, त्यावर ठेचा, आणि अंगणात येरझारा.

कुणाला काय हवंय हे ठरवायची त्यांची तऱ्हा मात्र निराळी होती. लग्न ठरलेल्या मुलीला त्या स्वयंपाकघराच्या मोकळ्या जमिनीवर बसवायच्या. समोर एकही भांडं ठेवायचं नाही. मग म्हणायच्या, आता तू सासरी आहेस, सकाळ झालीय, चल. मुलीनं हवेत चूल पेटवायची, चहा टाकायचा, कणीक मळायची, पानं घ्यायची, वाढायचं. काकू मध्येमध्ये हटकायच्या. कशात मळतेस? कशानं वाढतेस? सासऱ्याला दात आहेत का? नसले तर त्यांचा भात वेगळा मऊ करायला छोटं पातेलं नको? दिराला ताक लागतं ना, मग ते ठेवशील कशात? अशी ती रिकामी पंगत उठेपर्यंत काकूंच्या डोक्यात सगळा संसार मांडून झालेला असायचा. आम्ही लहानपणी दाराआडून हे बघून हसून हसून लोळायचो. माझी पाळी आली तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठे गेलं.

माझं लग्न ठरलं ते राज्यांची फेरमांडणी चालली होती त्या वर्षात. मुलगा नागपूरला सरकारी कचेरीत होता. घरी त्याची आई आणि धाकटा भाऊ. स्थळ चांगलं होतं, पण ती कचेरीच फुटणार होती. अर्धी माणसं भोपाळला जाणार, काही मुंबईला, काही नागपुरातच राहणार, आणि कोण कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीच्या ओट्यांवरही तेच. आपण कुठल्या राज्यात, रावेरचे सोयरे कुठल्या, पोरांनी शाळेत मराठी शिकायचं की हिंदी, यावर रोज वाद. पेपर आला की बाबा तो चष्मा पुसून पुसून वाचायचे आणि शेवटी घडी घालून म्हणायचे, अजून काही नाही. त्या "अजून काही नाही"नं घरात कुणालाच धड झोप लागत नव्हती. मी दिवसातून दहादा दाराशी जायची आणि कशाला आले ते विसरून परत यायची.

काकू आल्या, मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "चल इंदे, सकाळ झाली. चूल कुठी हाये?"

मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. चूल कुठे? नागपूरचं घर भाड्याचं, ते तर सुटणारच असं पत्रात होतं. भोपाळ मी नकाशातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. माहीत नाही, असं मी सांगितलं. काकूंनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. त्या उठल्या, मांडणीपासून दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि पंगत तशीच टाकून निघून गेल्या. असं याआधी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर काकूंना चैन पडेना. रोज यायच्या, चूल विचारायच्या, जायच्या. नातेवाईक काय द्यायचं म्हणून खोळंबले होते. आई काळजीनं अर्धी झाली, कारण रिकामं रुखवत म्हणजे सासरच्यांपुढे मान खाली. एके दिवशी कळलं की काकू स्टेशनावर जाऊन उभ्या राहतात. भोपाळकडून येणारी गाडी थांबली की खिडकीतल्या बायकांना विचारतात, उधर चूल्हा नीचे रहता है या ओट्यावर? पानी नल का या भर के लाना पडता है? एकीनं सांगितलं की तिथे चढउतार फार, पाणी डोक्यावरून आणावं लागतं. झालं, काकूंनी मोठ्या घागरी रद्द केल्या. दुसरीनं सांगितलं की छे, दारात नळ आहे. काकूंनी घागरी परत आणल्या. त्या बायका मनात काय म्हणत असतील कोण जाणे. पण आमच्या घरात त्या गावाची खरीखुरी चौकशी करणारं माणूस तेवढं एकच होतं. बाकी सगळे पेपर वाचत होते.

शेवटी एका दुपारी मला रडू कोसळलं. काकूंनी चूल विचारली आणि मी म्हटलं की मला घरच नाही, मला दिसतच नाही काही, नका विचारू. काकू माझ्यासमोर मटकन खाली बसल्या. त्या बसल्या याचंच मला इतकं नवल वाटलं की माझं रडं थांबलं.

"मलेबी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तं चूल सोड. जेवनारे तं हायेत ना? त्याहिले वाढ."

मग मी चुलीवाचून, भिंतीवाचून वाढायला घेतलं. नवऱ्याचं पान, सासूबाईंचं, दिराचं. भात, वरण, भाजी. काकूंनी सगळं बघितलं. माझे हात थांबल्यावर विचारलं, "झालं?" मी मान हलवली.

"अन् तू कशात जेवशीन?"

मी म्हटलं, माझं काय, मी मागून जेवेन, ह्यांच्या ताटात. आमच्याकडे बायका तशाच जेवायच्या, आई तशीच जेवायची. काकू हसल्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. म्हणाल्या, इतक्या पोरी बसवल्या, एकीनंबी सोताचं पान घेतलं नाही. सासऱ्याच्या दातापर्यंत ध्यान जातं तुमचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना निरोप धाडले. घर कुठलं ते कळत नाही, तर पोरगी जिथे जाईल तिथे सगळा संसार एका गाठोड्यात गेला पाहिजे. प्रत्येक भांडं दुसऱ्या भांड्यात बसलं पाहिजे. तुमचं पातेलं अमक्यांच्या पातेल्यात बसत असेल तरच घ्या, नाहीतर आशीर्वाद द्या. इतवाऱ्यातल्या भांडेवाल्याच्या दुकानात काकू स्वतः उभ्या राहून एकात एक घालून बघत होत्या, बसलं नाही की परत करत होत्या. नातेवाईक चिडले. आणि सर्वांत चिडला माझा मामा. त्यानं सगळ्यांच्या आधीच भलंमोठं तांब्याचं घंगाळ घेऊन त्यावर स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव कोरून घेतलं होतं.

मामा आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, भाचीच्या लग्नात मामानं काय चहाची गाळणी द्यायची? हे घंगाळ परत जायचं नाही. आई दोघांच्या मध्ये उभी, तोंड एवढंसं. काकूंनी घंगाळाभोवती एक फेरी मारली. वाकून आत बघितलं. मग सगळी भांडी अंगणात मागवली आणि भरायला लागल्या. पातेल्यात पातेलं, त्यात तपेलं, त्यात वाट्या, पेले, डाव, पळ्या. सगळं आत गेलं. वर आत्याबाईंची परात उपडी घातली, ती झाकणासारखी बसली. काकू मामाला म्हणाल्या, "दादा, तुमच्या पोटात अवघा संसार मावला." मामा पाघळला. पुढे आयुष्यभर तो ही गोष्ट अशी सांगायचा की कल्पना मूळ त्याचीच होती.

लग्नात रुखवताच्या जागी एकच घंगाळ, वर परात. बायका कुजबुजायला लागल्या. काकूंनी परात उचलली आणि एकेक भांडं काढून मांडत गेल्या. शेवटी चटईवर जागा उरली नाही आणि कुजबुजही. परातीखाली, सगळ्यांच्या वर, एक साधं पितळी ताट होतं, काकूंनी दिलेलं. त्याच्यावर काकूंचं नाव नव्हतं. तिथे फक्त "इंदू" कोरलेलं होतं. मी विचारलं, तुमचं नाव का नाही घातलं? त्या म्हणाल्या, "माह्यं कायले? जेवनार तू. जिथी उतरशीन तिथी पहिले हेच निंघीन."

त्याच दिवशी माझं नाव बदलून विजया झालं. सासूबाईंनी नागपुरात भांडी काढताना ताट उलटसुलट केलं आणि विचारलं, ही इंदू कोण? मीच, असं मी सांगितलं. त्यांनी ताट मांडणीवर एका कडेला उभं करून ठेवलं. त्या घरात मी त्यात कधी जेवले नाही.

लवकरच हुकूम आला, भोपाळ. निघताना मी सगळी भांडी काकूंनी भरली होती तशीच घंगाळात भरली. आम्ही उतरलो ती खोली अंधारी, चूल नव्हती, नळ नव्हता, सामान बाहेर पावसात. परात काढली तर हाताला पहिलं लागलं ते माझंच ताट. स्टेशनावरून आणलेल्या पुऱ्या आणि भाजी मी त्यात वाढून सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी नाव वाचलं. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, तुझं आहे, तू बस आधी, आम्ही द्रोणात खातो. त्या परक्या गावात, ओल्या लुगड्यानिशी, मी पहिल्यांदा माझ्या ताटात जेवले. सगळं संपवलं. त्यानंतर बदल्या झाल्या, इंदूर, जबलपूर, पुन्हा भोपाळ, आणि दर वेळी परात उचलली की पहिली मी निघायची.

काकूंची शेवटची भेट बऱ्याच वर्षांनी झाली. त्यांचे यजमान गेले होते, मुलगा-सून त्याच घरात होते. सुनेनं दारातच अर्ध्या हिंदीत सांगितलं, "काकी, वो अब किसी को पहचानत नाहीत. हात एक मिनिट थांबत नाही. डॉक्टर बोले, पकडून ठेवा." काकू खाटेवर उशीला टेकून होत्या, हाडांचा सापळा. आणि हात खरंच चालू होते, हवेत. सून ते धरायला गेली. मी म्हटलं, नको धरूस, त्या वाढताहेत.

मी खाली जमिनीवर बसले आणि बघत राहिले. एकेका हालचालीची मला ओळख पटत होती. भाताची मूद, वरण, कडेला मीठ. मध्येच हात छोट्या पातेल्याकडे जाई, मऊ भात असणार तो. पंगत मोठी होती. कोण कोण बसलं होतं तिथे, काय माहीत. वाढून वाढून हात दमले, खाटेच्या काठावर टेकले, पण बोटं तशीच वळवळत राहिली, काहीतरी राहून गेल्यासारखी.

मी जवळ सरकून विचारलं, "काकू, अन् तुम्ही कशात जेवशान?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. अगदी हलक्या आवाजात, सासरी निघालेल्या पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "माह्यं काय वं. मी मागून."

मला ते सहन झालं नाही. मी उठले, त्यांच्या मांडीवरची गोधडी नीट केली आणि तिच्यावर हवेतच एक ताट मांडलं. भात वाढला, वरण घातलं, कडेला मीठ ठेवलं, ठेचाही वाढला. म्हटलं, बसा, आता कुणी राहिलं नाही. काकूंनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, सावकाश उजवा हात पुढे केला, आणि बसून जेवल्या.