साचेखात्यातली खूण

गिरणी संपाच्या आदल्या दिवाळीत, हिंदमाताच्या एका दुकानात, साडीचा पदर बोटांत धरून बघायला गंगुबाईनं पाच वर्षांच्या रघुचा हात सोडला. तेवढंच. त्यानंतर तिनं स्वतःसाठी साडी घेतली नाही. कुणी दिली तर नेसली.

आता चाळीसहून अधिक वर्षांनी लालबागच्या चाळीतल्या तिच्या जुन्या खोलीत, पन्नाशीला टेकलेला सुशांत तिच्यासमोर बसला होता. रघु हरवला त्याच हिवाळ्यात तो, चार-पाच वर्षांचा, पोलिसांना दादरला सापडला होता. आश्रमात वाढला, नावही आश्रमानंच ठेवलेलं. पेपरात रघुबद्दल छापून आलेलं वाचून तो आला होता.

"पेपर अख्ख्या मुंबईनं वाचला," सीमा म्हणाली. रघु हरवला तेव्हा ती पाळण्यात होती. "उद्या आणखी दहा रघु येतील. आई, चहा दे आणि वाटेला लाव त्याला."

"मला काही नकोय, ताई. घर आठवत नाही, कुणाचा चेहरा आठवत नाही. बाबांचे हात तेवढे आठवतात. ते हातांनीच बोलायचे."

गंगुबाईनं पेला खाली ठेवला. तिचा नवरा गणपत गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर होता. तिथं शेकडो साचे एकदम धडधडायचे, हाक शेजारच्यापर्यंत पोचायची नाही. माणसं खुणांनी बोलायची आणि ती सवय घरी यायची. गणपतला जाऊन वीस वर्षं झाली होती.

तिनं मिशीवर बोट फिरवलं आणि अंगठा खांद्यावरून मागे नेला.

सुशांत एकदम हसला. "जॉबर आला, गप बसा!"

"आई!" सीमा पुढे आली. "बाबा मला अस्संच मुकादमाची भीती घालून गप्प करायचे गं!" ती खाली बसली. "दादा..."

गंगुबाईनं उजव्या कानाची पाळी दोनदा ओढली. साचेखात्यात प्रत्येकाच्या नावाची वेगळी खूण असायची. ही गणपतनं रघुला दिलेली. ती दिसली की पोर असेल तिथून धावत यायचं.

सुशांत बघत राहिला. तिनं पुन्हा ओढली.

"कान दुखतोय का तुमचा?" त्यानं विचारलं.

ही खूण आता जगात तिला एकटीलाच ठाऊक होती. ती गप्प राहिली असती तर मुलगा मिळाला असता. सीमाला भाऊ मिळालाच होता.

"ह्यो माझो रघु न्हय," ती म्हणाली.

"अगं, पण जॉबरची खूण..."

"ती सगळ्या साचेखात्याची. ह्याचा बाप तिथलाच कुणीतरी."

सुशांतची मान खाली गेली. गंगुबाईनं त्याचं मनगट धरलं. "तुला कशी हाक मारायचा रे तो? हातानं?"

त्यानं डोळे मिटले. मग घाम पुसावा तसा अंगठा कपाळावरून आडवा ओढला.

ही खूण तिनं कधी पाहिली नव्हती. तिनं चपला पायात सरकवल्या.

"खाली भिवा राहतो. बावीस वर्षं साच्यावर होता. चल, त्याला करून दाखव. कुणाच्या पोराची ही खूण, ते त्याला आठवेल."

जिना अंधारा होता. तिनं मनगट सोडलं नव्हतं.